सैतानाची नामावळी : पद, भाषांतर आणि विशेषनाम

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतील सैतानाविषयी लिहिताना बहुतेक परिचयग्रंथ एका यादीने आरंभ करतात. सैतान, दियाबल, बलियाल, बालजबूल, ल्युसिफर ही त्या एकाच दुष्ट शक्तीची निरनिराळी नावे होत, असे सांगून प्रत्येक नावाची व्युत्पत्ती देण्यात येते आणि विवेचन पुढे सरकते. मराठी वाचकाला ही मांडणी सहज पटते. देवता एक आणि तिची नामे अनेक, ही कल्पना सहस्रनामस्तोत्रांमुळे त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु प्रस्तुत नामावळीच्या बाबतीत ही समजूत मूळ ग्रंथांच्या साक्षीशी विसंगत आहे. एक व्यक्ती प्रथम होती व तिला पुढे अनेक नावे मिळाली असा येथील क्रम नाही. प्रथम परस्परांशी संबंध नसलेले अनेक शब्द होते. त्यांतील काही सामान्यनामे होती, एक परक्या देवाचे नाव होते, एक ताऱ्याचे वर्णन होते. पुढे ते शब्द एकत्र आले आणि त्यांच्या एकत्र येण्यातून ती व्यक्ती साकार झाली. हे एकत्र येणे मुख्यतः भाषांतरांच्या मार्गाने घडले. म्हणूनच हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. तो भाषाशास्त्राचाही आहे.

१

हिब्रू 'सातान' या शब्दाचा मूळ अर्थ विरोध करणारा, वाट अडवणारा, वैरी असा आहे. इसहाकाच्या नोकरांनी खणलेल्या ज्या विहिरीवरून तंटा झाला, तिला दिलेले 'सित्ना' हे नावही याच धातूपासून आले आहे. हिब्रू बायबलच्या जुन्या कथाभागांत 'सातान' हा शब्द माणसांना निःसंकोच लावलेला आढळतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्ट्यांच्या सरदारांना अशी भीती वाटते की, दावीद ऐन लढाईत आपला 'सातान' होईल. राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोनाविरुद्ध उठलेला अदोमी हदाद 'सातान' आहे आणि रजोनही 'सातान' आहे. गणनेच्या पुस्तकात तर बलामाची वाट अडवून उभा राहणारा प्रत्यक्ष यहोवाचा दूत 'सातान' म्हणून उभा राहतो. या शेवटच्या उदाहरणाचे महत्त्व विशेष आहे. त्यावरून असे दिसते की, या शब्दात दुष्टत्वाचा अर्थ मुळात अनिवार्य नव्हता. अडवणारा देवाच्या बाजूचाही असू शकत होता.

ईयोबाच्या पुस्तकात आणि जखऱ्याच्या पुस्तकात चित्र पालटते. जखऱ्याची दर्शने इ. स. पू. ५२० ते ५१८ या काळाशी निगडित आहेत. त्यांत मुख्य याजक यहोशवाच्या उजव्या हाताला त्याच्याविरुद्ध एक सातान उभा आहे. ईयोबाच्या कथेत स्वर्गीय दरबारात देवपुत्रांबरोबर एक सातान येतो आणि ईयोबाच्या भक्तीच्या हेतूविषयी शंका घेतो. दोन्ही ठिकाणी शब्दापूर्वी 'हा' हे निश्चित उपपद आले आहे. हिब्रूत विशेषनामाला उपपद लागत नाही. तेव्हा 'हा-सातान' हे नाव नव्हे, ते पद आहे. 'दरबारातील तो विरोधक' असा त्याचा आशय आहे. तो ईयोबाला जी पीडा देतो ती परवानगी घेऊन देतो, आणि घालून दिलेली मर्यादा ओलांडत नाही. हा शब्द 'हिंडणे' या अर्थाच्या धातूशी जोडावा आणि त्यामागे राज्यभर फिरून राजाला वार्ता पुरवणाऱ्या अधिकाऱ्याची कल्पना असावी, असा तर्क तूर-सीनाय यांनी मांडला होता. ईयोबाच्या कथेत या दोन ध्वनिसदृश शब्दांवर श्लेष साधला आहे हे खरे. पण श्लेष म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. विहिरीच्या नावासारखी उदाहरणे पाहता 'वैर' हाच धात्वर्थ मानणे सयुक्तिक ठरते.

तिसरी अवस्था म्हणून इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायाचा निर्देश नेहमी केला जातो. दावीदाने केलेल्या शिरगणतीची कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात प्रथम येते. तेथे दावीदाला चिथावणारा खुद्द यहोवाचा कोप आहे. इतिहासकाराने तीच कथा पुन्हा सांगताना कोपाच्या जागी 'सातान' हा शब्द घातला, आणि तोही उपपदाविना. येथेच पदनामाचे विशेषनाम झाले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. परंतु तो निर्णायक नाही. उपपदाचा अभाव विशेषनामाचे लक्षण असतो, तसाच तो अनिश्चित सामान्यनामाचेही असतो. 'कोणी एक विरोधक इस्राएलाविरुद्ध उठला' हा अर्थ व्याकरणदृष्ट्या तितकाच निर्दोष आहे. पेगी डे यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शब्दाच्या सर्व प्रयोगांची स्वतंत्र छाननी केली आणि एकाच व्यक्तिरेखेचा क्रमविकास या प्रयोगांतून सिद्ध होत नाही असे दाखवून दिले. रायन स्टोक्स यांनी २०१९ च्या ग्रंथात याहून पुढे जाऊन, 'आरोप करणारा' हा रूढ अर्थच प्रश्नास्पद ठरवला आणि 'प्रहार करणारा, दंड अमलात आणणारा' असा अर्थ सुचवला. गणनेच्या पुस्तकातील तलवार उपसलेला दूत त्यांच्या बाजूने साक्ष देतो. जखऱ्याच्या दर्शनाला मात्र हा अर्थ तितकासा सहज लागू पडत नाही. तेथील एकंदर प्रसंग न्यायसभेचा आहे.

२

हिब्रूतील उपपदाची कसोटी इतर भाषांत मात्र जशीच्या तशी चालत नाही. या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून ज्यू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. 'सेप्तुआगिंत' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या भाषांतरात ईयोब आणि जखऱ्या यांतील 'हा-सातान' याच्यासाठी 'हो दियाबोलोस' असा शब्द योजला आहे. 'दियाबाल्लेइन' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'आरपार फेकणे'. त्यावरून 'दोघांत वितुष्ट आणणे' आणि 'चहाडी करणे' हे अर्थ आले. हा शब्दही आरंभी नाव नव्हता. ग्रीक एस्तेरच्या ग्रंथात तो ज्यूंचा नाश चिंतणाऱ्या हामानाला लावला आहे. म्हणजे हिब्रू शब्दाप्रमाणे हाही माणसाला लागू पडत होता. परंतु दावीद, हदाद इत्यादी मानवी विरोधकांच्या संदर्भात ग्रीक भाषांतरकारांनी दुसरे शब्द वापरले किंवा हिब्रू शब्द केवळ लिप्यंतरित केला. मुळात सलग असलेल्या शब्दाचे तुकडे पडण्यास येथून आरंभ झाला.

नव्या करारात 'दियाबोलोस' आणि 'सातानास' हे दोन्ही शब्द जवळजवळ सारख्याच प्रमाणात येतात. 'सातानास' हे रूप अरामी 'साताना' यावरून घडले आहे. त्यातील अंत्य 'आ' हे मूळचे अरामी निश्चितत्वदर्शक चिन्ह आहे. ग्रीक बोलणाऱ्याला ते जाणवत नव्हते. म्हणून त्याने त्यापुढे ग्रीक विभक्तिप्रत्यय जोडला आणि आरंभी पुन्हा ग्रीक उपपद लावले. एका शब्दावर निश्चितत्वाची दोन चिन्हे चढली, आणि त्यांतील एक निर्जीव झाले. शिवाय ग्रीकमध्ये विशेषनामालाही उपपद लागू शकते. त्यामुळे 'हो सातानास' हे पद आहे की नाव, याचा निर्णय केवळ व्याकरणावरून देता येत नाही. तो प्रयोगावरून द्यावा लागतो.

प्रयोग पाहता असे दिसते की, पहिल्या शतकात शब्दाचा मूळ अर्थ अद्याप जिवंत होता. येशूने दुःखाचा मार्ग धरू नये असे पेत्र म्हणतो, तेव्हा येशू त्यालाच सैतान म्हणतो. आणि मत्तय लगेच त्याला 'अडखळण' असाही शब्द लावतो. 'सैतान' हे केवळ विशेषनाम मानल्यास हा प्रसंग विलक्षण कठोर भासतो. 'वाट अडवणारा' हा अर्थ ध्यानात घेतला की तो बलामाच्या कथेच्या जवळ जातो. योहानाच्या शुभवर्तमानात यहूदाला 'दियाबोलोस' म्हटले आहे, तर तिमथ्य व तीत यांना लिहिलेल्या पत्रांत हाच शब्द चहाडखोर स्त्रीपुरुषांसाठी अनेकवचनी विशेषणासारखा आला आहे. म्हणजे एकाच संहितासंग्रहात नाव, पद आणि विशेषण या तिन्ही अवस्था शेजारीशेजारी नांदत होत्या.

लॅटिनमध्ये ही स्थिती संपुष्टात आली. लॅटिनला उपपदच नाही. जेरोमने इ. स. ३८२ ते ४०५ या काळात लॅटिन संहिता सिद्ध केली. त्याच्या भाषांतरात हदाद आणि दावीद यांच्या बाबतीत 'आद्वेर्सारियुस' म्हणजे प्रतिपक्षी हा शब्द येतो. ईयोब, जखऱ्या आणि इतिहास यांत मात्र 'सातान' हाच शब्द तसाच राहतो. मूळात एकच शब्द असलेला हा समूह लॅटिन वाचकाला दोन वेगळ्या शब्दांचा भासू लागला : माणूस असेल तर प्रतिपक्षी, स्वर्गीय असेल तर सातान. पदावरील उपपद गळाले, सामान्यनामाचे उरलेले आप्त तुटले आणि जे शिल्लक राहिले ते विशेषनाम ठरले. हा काही मतप्रचाराचा परिणाम नव्हता. एका भाषेचे व्याकरण दुसरीत मावत नाही, यातून तो घडला.

मराठीचीही हीच अडचण आहे. मराठीत निश्चित उपपद नाही. ईयोबाच्या कथेत 'सैतान' असे छापले की ते नावच होऊन बसते. शिवाय हा शब्द मराठीत हिब्रूतून किंवा ग्रीकमधून थेट आलेला नाही; तो अरबी 'शैतान' या रूपातून फारसीमार्गे आला. बायबलच्या भाषांतरकारांना तो तयार मिळाला. 'दियाबोलोस' याचे 'दियाबल' हे रूपही मराठी बायबलांत आढळते, परंतु व्यवहारात ते रुजले नाही. उलट 'सैतान' इतका रुजला की खोडकर मुलालाही तो लागू लागला आणि 'सैतानी' हे विशेषण त्यावरून झाले. बोलीने त्या विशेषनामाचे पुन्हा सामान्यनाम केले, असे म्हणता येईल.

३

या नामावळीतील इतर शब्दांची वाटचाल अधिक वळणांची आहे. 'बलियाल' हा हिब्रूत भाववाचक शब्द होता. 'बली' म्हणजे विना आणि 'याअल' म्हणजे लाभ, असे पृथक्करण करून 'निरर्थकपणा' हा अर्थ सामान्यतः दिला जातो. ज्या स्थानाहून कोणी वर येत नाही ते अधोलोक, असाही पर्याय सुचवला गेला आहे. तर तालमूदातील आचार्यांनी 'ज्याने जू झुगारले तो' अशी फोड केली. एलीचे पुत्र 'बलियालपुत्र' आहेत याचा अर्थ ते नादान आहेत एवढाच. शमुवेलाच्या ग्रंथांत या शब्दाला उपपदही लागलेले आहे. तेव्हा तो नाव नव्हता याविषयी संशय नको. जेरोमने मात्र अनेक ठिकाणी तो तसाच ठेवला आणि वाचकाला बलियाल नावाचा कोणी बाप दिसू लागला.

तथापि सर्व दोष भाषांतरकारांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. १९४७ पासून कुमरानच्या गुहांत सापडलेल्या पटांनी हे स्पष्ट केले की, हिब्रू लिहिणाऱ्या एका ज्यू पंथात इसवी सनापूर्वीच बलियाल हा अंधकाराच्या सेनेचा अधिपती झाला होता. म्हणजे हे रूपांतर भाषेच्या अंतर्गतही घडत होते. याच पटांत 'मस्तेमा' हा शब्द येतो. त्याचा अर्थ शत्रुत्व. होशेयाच्या ग्रंथात तो त्याच अर्थाने आहे. कुमरानच्या लेखनात 'मस्तेमाचा दूत', 'मस्तेमाचा अधिपती' असे प्रयोग आहेत. तेथे षष्ठी अजून शाबूत आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील 'जुबिलीज' हा ग्रंथ आज संपूर्ण स्वरूपात फक्त प्राचीन इथिओपिक भाषेत उपलब्ध आहे. त्यात 'मस्तेमा' हे त्या अधिपतीचेच नाव झाले आहे. 'शत्रुत्वाचा अधिपती' येथपासून 'अधिपती मस्तेमा' येथपर्यंतचा हा प्रवास षष्ठीच्या लोपाने पूर्ण झाला. ग्रीकमध्ये बलियालचे 'बेलियार' झाले. दोन 'ल' कारांतील दुसऱ्याचा 'र' होणे, हे विषमीकरणाचे साधे उदाहरण होय. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हेच रूप आहे.

'बालजबूब' हा एक्रोनच्या पलिष्टी लोकांचा देव. आजारी राजा अहज्या त्याला कौल विचारण्यास दूत पाठवतो. नावाचा अर्थ 'माश्यांचा स्वामी' असा होतो, आणि ग्रीक भाषांतरकारांनीही माशीच मानली. शुभवर्तमानांच्या ग्रीक हस्तलिखितांत मात्र 'बेएल्जबूल' असे लकारान्त रूप आहे. या रूपाचा उलगडा १९२९ पासून रास शाम्रा येथे सापडलेल्या उगारिती लेखांनी झाला. तेथे बाल या देवाला 'जबुल' म्हणजे 'अधिपती' हे बिरुद लावलेले आहे. तेव्हा 'बाल-जबुल' हे सन्मानाचे नाव मूळचे असावे आणि हिब्रू लेखकाने एक व्यंजन पालटून त्याची माशी केली असावी, हे अनुमान सबळ ठरते. एश्बालचे 'ईश्बोशेथ' करून 'बाल'च्या जागी 'लज्जा' घालणारी लेखनपरंपरा त्याच वर्तुळातील आहे. शेजाऱ्याच्या देवाचा आधी उपहास झाला आणि मग तो भुतांचा सरदार झाला.

या प्रक्रियेचे एक प्रतिरूप गोमंतकात आढळते. हिंदू लोकश्रद्धेत 'देवचार' हा गावाची, शिवाराची राखण करणारा. तेथील ख्रिस्ती समाजाच्या कोंकणीत मात्र 'देवचार' हाच सैतानाचा वाचक झाला आहे. दोन्ही घटनांच्या मध्ये दोन सहस्रकांहून अधिक अंतर आहे. शब्दाचे वळण मात्र एकच आहे.

'ल्युसिफर' या नावाची कथा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत जास्त विपर्यस्त आहे. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाच्या पतनावर एक उपरोधगीत आहे. स्वतःला ताऱ्यांहून उंच नेऊ पाहणाऱ्या त्या राजाला कवी 'हेलेल बेन शाहर', म्हणजे 'तेजस्वी, उषेचा पुत्र', असे संबोधतो. ग्रीकमध्ये त्याचे 'हेओस्फोरोस' आणि लॅटिनमध्ये 'लुकिफेर' असे भाषांतर झाले. दोन्ही शब्द शुक्राच्या चांदणीचे नित्याचे नाव होते, आणि भाषांतर म्हणून दोन्ही निर्दोष आहेत. जेरोमच्या संहितेत पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील अंतःकरणात उगवणारा प्रभाततारा 'लुकिफेर'च आहे. आणि चौथ्या शतकात सार्दिनियातील काल्यारी येथील एका बिशपचे नाव लुकिफेर होते. नावात दुष्टत्व असते तर बिशपाला ते चालले नसते. लूकच्या शुभवर्तमानात सैतान विजेसारखा आकाशातून पडताना दिसल्याचा उल्लेख आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेनने ते पतन आणि यशयाच्या गीतातील पतन यांचा मेळ घातला, यहेज्केलाच्या ग्रंथातील सोराच्या राजावरील विलापही त्यात गोवला आणि सैतानाला पूर्वचरित्र मिळाले. १६११ च्या इंग्रजी बायबलने लॅटिन शब्द तसाच ठेवला. लॅटिन न जाणणाऱ्या वाचकाला त्यात तारा दिसण्याचे कारणच उरले नाही. त्याला केवळ नाव दिसले. १८८५ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने तेथे पुन्हा 'प्रभाततारा' या अर्थाचा शब्द घातला, परंतु तोवर मिल्टनच्या १६६७ च्या महाकाव्याने ते नाव रूढ करून टाकले होते.

४

ही सर्व नावे एका व्यक्तीची आहेत, असे विधान कोणी व केव्हा केले? त्याचे स्पष्ट उदाहरण प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात मिळते. तेथे महान अजगर, पुरातन साप, दियाबोलोस आणि सातानास हे चारही एकच आहेत असे सांगितले आहे. उत्पत्तीच्या कथेतील साप हा केवळ साप आहे. तो वनपशूंतील सर्वांत धूर्त आहे, एवढेच तेथे म्हटले आहे. ज्यू परंपरेतही असे समीकरण झाले. तिसऱ्या शतकातील रेश लाकिश या आचार्याने सैतान, दुष्प्रवृत्ती आणि मृत्यूचा दूत हे तिन्ही एकच असल्याचे म्हटल्याचे तालमूद सांगतो. परंतु दोन समीकरणांची दिशा भिन्न आहे. ख्रिस्ती समीकरणाने विरोधकाला देवाचा प्रतिस्पर्धी बनवले. ज्यू आचार्याच्या समीकरणाने त्याला माणसाच्या मनात आणि देवाच्या सेवेत ठेवले. नावांची बेरीज सारखी दिसली तरी उत्तर सारखे येत नाही.

हा सर्व विकास इराणी द्वैतवादाच्या प्रभावाने झाला, असे एक मत दीर्घकाळ प्रचारात आहे. इ. स. पू. ५३९ नंतर सुमारे दोन शतके ज्यू समाज हखामनी साम्राज्यात होता, आणि कुमरानच्या पटांतील दोन आत्म्यांची शिकवण इराणी विचाराशी मिळतीजुळती आहे. म्हणून हे मत सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु नावांची साक्ष त्याला मर्यादा घालते. या नामावळीशी संबंधित शब्दांत इराणी म्हणता येईल असा ठळक शब्द एकच, तो म्हणजे तोबीतच्या ग्रंथातील 'अस्मोदेउस'. त्याचा संबंध अवेस्तातील 'अएश्म दएव' याच्याशी बहुतेक विद्वान जोडतात. पण हा तोबीतमध्ये नवरदेवांना मारणारा एक भूत आहे, विश्वाचा वैरी नव्हे. प्रमुख नावे सर्व सेमिटिक आहेत, किंवा सेमिटिक शब्दांची भाषांतरे आहेत. कल्पना उसनी घेतली गेली असेल, तर ती स्वभाषेतील शब्दांत ओतून घेतली गेली, एवढेच फार तर म्हणता येईल.

हेन्री अ‍ॅन्सगर केली यांनी २००६ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, नव्या करारातही सैतान हा देवाचा परीक्षक अधिकारीच आहे आणि त्याचे बंडखोर चरित्र ख्रिस्ती आचार्यांनी मागाहून रचले. यशयाच्या बाबतीत हे प्रतिपादन खरे ठरते. प्रकटीकरणाच्या बाबतीत मात्र ते ताणलेले वाटते. अजगराशी युद्ध होते ते एखाद्या अधिकाऱ्याच्या बडतर्फीचे चित्र नव्हे. एलेन पेगल्स यांनी १९९५ च्या ग्रंथात दुसऱ्याच बाजूवर प्रकाश टाकला. हे नाव कोणाला लावले गेले, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्या मते ते प्रथम घरच्याच विरोधकांना लावले गेले : एका ज्यू गटाने दुसऱ्या ज्यू गटाला, पुढे ख्रिस्ती समाजाने ज्यूंना, मूर्तिपूजकांना आणि पाखंडी ठरवलेल्या स्वधर्मीयांना. योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आणि प्रकटीकरणातील सैतानाच्या सभास्थानाचा उल्लेख यांचा मध्ययुगीन युरोपात ज्यूंविरुद्ध जो उपयोग झाला, तो सुविदित आहे.

येथे भाषिक विवेचन आणि इतिहास यांची गाठ पडते. 'तू माझी वाट अडवतोस' आणि 'तू विश्वाच्या वैऱ्याचा पुत्र आहेस' या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. पहिल्याला उत्तर देता येते, तह करता येतो. दावीद पलिष्ट्यांचा सातान होता तो तेवढ्या लढाईपुरता. दुसऱ्या विधानाने माणूस संवादाच्या बाहेर टाकला जातो. सामान्यनामाचे विशेषनाम होताना जे हरवले, ते हेच : विरोध तात्पुरता असू शकतो आणि विरोधक आपल्याच सभेतला असू शकतो, ही जाणीव.

या ग्रंथांच्या अभ्यासकाला त्यातून एक साधा नियम मिळतो. प्रत्येक संहितेतील शब्द त्या संहितेच्या काळातील अवस्थेत वाचावा. ईयोबाच्या दरबारात प्रकटीकरणाचा अजगर पाहू नये, यशयाच्या राजात ओरिगेनचा पतित दूत शोधू नये आणि भाषांतरात जे नाव दिसते त्यामागे उपपद होते की नाही, हे मूळात पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये. उत्तरकालीन एकीकरण खोटे आहे असे यावरून सिद्ध होत नाही. श्रद्धेच्या इतिहासात ते एक स्वतंत्र वास्तव आहे आणि त्याचाही अभ्यास व्हावयास हवा. मात्र तो त्याच्या काळाच्या नोंदीसह व्हावा. नामावळी पाठ करणे सोपे असते; तिच्यातील प्रत्येक नाव केव्हा नाव झाले हे सांगणे, हे भाषाशास्त्राचे काम आहे.